जुनी यंत्रे आणि घरची वीज



या व्यासपीठावरून आपण दरवर्षी मोठमोठे विषय ऐकता. संतवाङ्मय होते, अर्थकारण होते, परराष्ट्रनीती होते. त्या पंगतीत आजचा आमचा विषय अगदी घरगुती वाटेल. लाकूडकामाची जुनी, तीन फेजवर चालणारी यंत्रे घरच्या एका फेजवर कशी चालवावीत, एवढाच तो विषय आहे. परंतु तो वाटतो तितका किरकोळ नाही. त्यात पैसा आहे, कारागिरी आहे, आणि चुकल्यास हाताची बोटे व घराची वायरिंग हीही आहेत. म्हणून तासभर आपले लक्ष त्याकडे वेधण्याचे धाडस करीत आहोत.

गेल्या काही वर्षांत शहरांतील लाकूडकामाचे रूप पार पालटले आहे. सागवानाच्या फळीची जागा प्लायवूडने घेतली, प्लायवूडची जागा तयार फर्निचर घेत आहे, आणि मोठ्या कारखान्यांतून संगणकाच्या हुकमतीवर चालणारी यंत्रे आली आहेत. त्यामुळे पेठांतून आणि वखारींच्या आसपास ज्या जुन्या सुतारशाळा होत्या, त्या एकामागून एक बंद होत आहेत. त्यांतील रंधायंत्रे, चकतीच्या करवती, पट्ट्याच्या करवती, लाकूड कातण्याचे लेथ, ही सगळी बिडाची भक्कम यंत्रे मग जुन्या बाजारात येतात आणि पुष्कळदा वजनावर विकली जातात. चाळीस-पन्नास वर्षे इमाने काम केलेले यंत्र भंगाराच्या काट्यावर चढावे, ही गोष्ट ज्याने आयुष्यात एकदा तरी रंधा हाती धरला आहे त्याला चटका लावणारी आहे.

दुसऱ्या बाजूला पाहावे, तर घरच्या घरी लाकूडकाम करू इच्छिणारांची संख्या वाढत आहे. कोणी निवृत्त झालेले असतात, कोणाच्या घराण्यात सुतारकी असते, कोणाला दिवसभर कागदांत मान घातल्यावर संध्याकाळी हाताने काही घडवावेसे वाटते. असा मनुष्य जुन्या बाजारात जातो, यंत्राच्या बिडाच्या टेबलावर हात फिरवतो, भाव ऐकून खूष होतो, आणि तेवढ्यात दुकानदार म्हणतो, ‘साहेब, मोटार थ्री फेज आहे बरं का!’ येथे सौदा अडतो. मग दोहोंपैकी एक होते. एक तर गिऱ्हाईक हात जोडून परत फिरते आणि यंत्र भट्टीच्या वाटेला लागते. नाही तर ‘करू काही तरी’ म्हणून ते घरी आणले जाते आणि खरोखरच ‘काही तरी’ केले जाते. पहिल्याने चांगले यंत्र वाया जाते, दुसऱ्याने माणूस धोक्यात येतो. या दोहोंच्या मधली शहाणपणाची वाट दाखवणे, हा आजच्या बोलण्याचा हेतू आहे.

प्रथम हे तीन फेजचे प्रकरण आहे तरी काय, ते पाहू. ज्यांच्या घरी पायाने चालवावयाचे शिवणयंत्र आहे किंवा होते, त्यांना ते समजावयास मुळीच अवघड नाही. शिवणयंत्राचा पायटा खालीवर हलतो, गोल फिरत नाही. चाक मात्र गोल फिरते. पायटा मधल्या अवघड जागी थांबलेला असला, तर नुसते पाय दाबून चाक हलत नाही. हाताने चाकाला थोडी गती द्यावी लागते. ती उलट्या बाजूने दिली, तर यंत्र उलटे फिरते आणि दोरा तुटतो. एकदा गती मिळाली, की मग नुसत्या खालीवर दाबण्यावर ते चालत राहते.

एक फेजची वीज ही या पायट्यासारखी आहे. तिच्यामुळे मोटारीत निर्माण होणारे चुंबकक्षेत्र एकाच रेषेत वाढते, ओसरते, उलटते. सेकंदाला पन्नास वेळा हा खेळ चालतो, पण ते क्षेत्र स्वतः फिरत नाही. तीन फेजच्या मोटारीत तीन वायंडिंगे एकमेकांपासून वर्तुळाच्या तिसऱ्या हिश्शावर बसवलेली असतात, आणि त्यांना मिळणारे तीन प्रवाहही एकामागून एक तितक्याच अंतराने येतात. तीन माणसांनी तीन बाजूंनी एकच चाक पाळीपाळीने फिरवावे, तसे हे होते. तेथे अवघड जागा उरतच नाही. चुंबकक्षेत्र सारख्या जोराने गरगर फिरते आणि आतला रोटर त्याच्यामागून ओढला जातो. दोन ध्रुवांच्या मोटारीत हे क्षेत्र मिनिटास ३००० फेरे करते, चार ध्रुवांच्या मोटारीत १५००. आणि रोटर किंचित मागे राहत असल्यामुळे मोटारीवरच्या पाटीवर २८८० किंवा १४४० यांच्या आसपासचे आकडे दिसतात.

या व्यवस्थेला फार दिवस झाले नाहीत. टेस्लाचे फिरत्या क्षेत्राविषयीचे पेटंट १८८८ सालचे. दोलिवो-दोब्रोवोल्स्की या इंजिनिअराने जर्मनीत १८८९ मध्ये तीन फेजची साधी, दणकट मोटार सिद्ध केली, आणि १८९१ मध्ये लाउफेनहून फ्रँकफर्टपर्यंत सुमारे १७५ किलोमीटर तीन फेजची वीज नेऊन दाखवण्यात आली. आपल्याकडे १९१५ साली खोपोलीच्या टाटांच्या जलविद्युत केंद्रातून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. तेव्हापासून कारखाना म्हटला की तीन फेज आणि घर म्हटले की एक फेज, अशी विभागणी होऊन बसली. ती सोयीची आहे. पण निसर्गनियम नव्हे. रस्त्यावरच्या खांबावरूनही बहुधा तीनही फेज गेलेले असतात. आपल्या घरात त्यांतला एकच घेतलेला असतो, एवढेच.

आता आजच्या विषयातील मुख्य मुद्दा सांगतो. यंत्राला तिसरी तार हवी असते, असे आपण म्हणतो. वस्तुतः त्याला हवे असते ते फिरते चुंबकक्षेत्र. ते क्षेत्र खांबावरच्या तारांनी मिळाले काय, किंवा घरातल्या एखाद्या साधनाने निर्माण केले काय, मोटारीला त्याचे सोयरसुतक नसते. याचा पुरावा आपल्या प्रत्येकाच्या घरात छताला टांगलेला आहे. पंखा एका फेजवर चालतो. त्याचा कंडेन्सर गेला, की पंखा नुसता गुणगुणतो. काठीने पाते ढकलले, तर फिरू लागतो. म्हणजे तो इवलासा कंडेन्सर दुसऱ्या वायंडिंगातील प्रवाह थोडा पुढेमागे करतो आणि शिवणयंत्राच्या चाकाला हाताने द्यावयाची गती स्वतःच देतो. घरच्या एका फेजवर मोठी मोटार चालवण्याचे सर्व उपाय म्हणजे याच युक्तीचे लहानमोठे अवतार आहेत.

उपायांकडे वळण्यापूर्वी मोटारीवरची पाटी वाचली पाहिजे. यंत्र विकत घेताना लोक रंग पाहतात, पट्टा पाहतात, आवाज ऐकतात. पण तेलकट धुळीखाली झाकलेली ती पाटी फडक्याने पुसून वाचण्याचे कष्ट क्वचितच घेतात. वास्तविक सारा निर्णय तीवर आहे.

आपल्या घरात फेज आणि न्यूट्रल यांच्यामध्ये २३० ते २४० व्होल्ट दाब असतो. तीन फेजच्या कोणत्याही दोन तारांमध्ये त्याच्या १.७३ पट, म्हणजे ४०० ते ४१५ व्होल्ट असतो. आता मोटारीतील तीन वायंडिंगे जोडण्याच्या दोन रीती आहेत. तीनही वायंडिंगांची एकेक टोके एका गाठीत बांधली, तर ती ‘स्टार’ जोडणी. एकाचे शेपूट दुसऱ्याच्या तोंडाला लावून त्रिकोण केला, तर ती ‘डेल्टा’ जोडणी. ४१५ व्होल्टवर स्टारमध्ये जोडलेल्या मोटारीच्या एकेका वायंडिंगावर प्रत्यक्षात २४० व्होल्टच पडतात. म्हणून तीच मोटार डेल्टामध्ये जोडली, तर २४० व्होल्टच्या तीन फेजवर ती पूर्ण ताकदीने चालते. घरगुती उपायांची सगळी इमारत या एका गोष्टीवर उभी आहे.

आपल्याकडे साधारणतः तीन अश्वशक्तीपर्यंतच्या मोटारी स्टारमध्ये जोडलेल्या असतात आणि त्यापुढच्या डेल्टामध्ये. तेव्हा पाटीवर ‘४१५ व्होल्ट, स्टार’ असे दिसले, की अर्धे काम झाले असे समजावे. मग मोटारीच्या डब्याचे झाकण उघडून पाहावे. आत सहा टोके असली, तर पितळी पट्ट्या बदलून डेल्टा करता येतो. तीनच टोके बाहेर आलेली असली, तर स्टारची गाठ आत पुरलेली आहे. ती शोधून सहा टोके बाहेर काढणे हे चांगल्या मोटार वायंडिंगवाल्याचे काम आहे, आणि ते होण्यासारखे आहे. पाटीवर दोन गतींचे आकडे असले, तर मात्र सावध व्हावे. अशा मोटारींची जोडणी वेगळी असते आणि हा बदल तीत सहसा करता येत नाही. जहाजांवरून उतरलेल्या यंत्रांच्या पाटीवर पुष्कळदा ४४० व्होल्ट आणि ६० सायकल असे लिहिलेले असते. ती आपल्या ५० सायकलवर एक-षष्ठांशाने मंद चालतात, हेही हिशेबात धरावे.

आता उपाय पाहू.

पहिला उपाय सर्वांत सरळ: वीज कंपनीकडून तीन फेजची जोडणी घ्यावी. ज्याच्या गल्लीत तारा आहेत, ज्याचे स्वतःचे घर आहे आणि ज्याला पाच-सात अश्वशक्तीची यंत्रे चालवावयाची आहेत, त्याने उगाच दुसऱ्या खटपटीत पडू नये. यात मोटारीला हात लावावा लागत नाही. मात्र दरमहाचा स्थिर आकार वाढतो. नवी केबल, नवा मीटर आणि अर्थिंग यांचा खर्च येतो. आणि काम हौसेचे की धंद्याचे, यावरून कोणता दर लागेल, हे कचेरीत आधी विचारून घ्यावे लागते. भाड्याच्या घरात किंवा सदनिकेत राहणाऱ्याला हा उपाय बहुधा बंदच असतो.

दुसरा उपाय म्हणजे मोटारच बदलणे. तीन फेजची काढून त्या जागी एक फेजची बसवावी. एक-दीड अश्वशक्तीच्या साध्या यंत्राला, जेथे मोटार पायावर बसवलेली आहे आणि पट्ट्याने चालते, तेथे हा उपाय उत्तम. परंतु पुष्कळ जुन्या यंत्रांत मोटार यंत्राच्या अंगातच घडवलेली असते, किंवा करवतीची चकती थेट मोटारीच्या दांड्यावर बसते. तेथे दुसरी मोटार बसवावयाची म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला. शिवाय तितक्याच शक्तीची एक फेजची मोटार अंगाने मोठी, चालीला थोडी थरथरणारी, आणि तिचे कंडेन्सर व स्विच हे बिघडण्याचे दोन अधिक घटक.

तिसरा उपाय कंडेन्सरचा. डेल्टामध्ये जोडलेल्या मोटारीच्या दोन टोकांना घरची वीज द्यावयाची आणि तिसऱ्या टोकाला कंडेन्सरमधून. स्टाइनमेट्झ या विख्यात विद्युत इंजिनिअराच्या नावाने ही जोडणी ओळखली जाते. २३० व्होल्टला एका किलोवॅटमागे सुमारे ७० मायक्रोफॅरड, असा तिचा ठोकताळा आहे. ग्रामीण भागातील श्रोत्यांना हे नवे नाही. भारनियमनाच्या दिवसांत गावात एकच फेज असताना विहिरीवरची तीन फेजची मोटार कंडेन्सर टाकून चालवण्याचे उद्योग त्यांनी पाहिले आहेत, आणि जळालेल्या मोटारीही पाहिल्या आहेत. याचे कारण असे, की कंडेन्सर हा एकाच भारासाठी बरोबर असतो. भार बदलला, की तीन वायंडिंगांतील तोल बिघडतो. एक वायंडिंग गार राहते, दुसरे तापते. पंपाचा भार तरी बराच स्थिर असतो. पण करवतीत लाकूड शिरले की भार एकदम वाढतो आणि फळी पार झाली की शून्यावर येतो. म्हणून लाकूडकामात हा उपाय कामचलाऊच समजावा. मोटारीच्या पाटीवरच्या शक्तीपैकी फार तर सत्तर टक्क्यांची अपेक्षा धरावी, आणि सुरुवातीचा जोर त्याहूनही कमी. लहान लेथ, सहाणेचे चाक, एवढ्यापुरते ते ठीक आहे.

चौथा उपाय मोठा गमतीचा आहे. तीन फेजची एक जास्तीची मोटार आणावयाची, तिला कोणतेही काम न देता एका फेजवर नुसती फिरत ठेवावयाची. तिला सुरुवातीची गती कंडेन्सरने द्यावी लागते. पण एकदा फिरू लागली, की तिचा रोटर आपले चुंबकक्षेत्र बरोबर घेऊन फिरतो आणि मोकळ्या असलेल्या तिसऱ्या टोकावर तिसरा फेज आपोआप उमटतो. मग त्या तीन टोकांवरून दुसरी यंत्रे चालवावयाची. ही फिरती मोटार सर्वांत मोठ्या यंत्राच्या मोटारीहून सुमारे दीडपट तरी मोठी असावी लागते.

हे ऐकून कोणाला जादूचा खेळ वाटेल. पण आपल्यापैकी पुष्कळांनी या युक्तीच्या भरवशावर हजारो मैल प्रवास केला आहे! आगगाडीच्या विद्युत इंजिनावर एकच तार असते, २५,००० व्होल्टची आणि एकाच फेजची. इंजिनातील पंखे आणि हवेचे कॉम्प्रेसर मात्र तीन फेजच्या मोटारींवर चालत. डब्ल्यूएएम-४, डब्ल्यूएजी-५ अशा इंजिनांत त्यासाठी ‘आर्नो कन्व्हर्टर’ नावाचे फिरते यंत्र बसवलेले असे. आम्ही आता ज्या फिरत्या मोटारीचे वर्णन केले, तिचेच ते थोरले भावंड. म्हणजे एका तारेवर तीन फेज निर्माण करणे हा काही बाजारबुणग्यांचा जुगाड नव्हे. रेल्वेच्या इंजिनिअरांनी वर्षानुवर्षे विश्वासाने वापरलेली ती रीत आहे. घरात तिचे दोन तोटे आहेत: ती मोटार सतत घोंघावत राहते, आणि यंत्र थांबलेले असतानाही थोडी वीज खात राहते. ज्याच्याकडे चार-पाच यंत्रे आहेत आणि ती पाळीपाळीने चालवावयाची आहेत, त्याला मात्र ती सोयीची पडते.

पाचवा उपाय आजच्या काळाचा. बाजारात ज्याला ‘व्हीएफडी’ किंवा नुसते ‘ड्राइव्ह’ म्हणतात, तो हा डबा. घरची वीज आत घेऊन तो प्रथम तिची एकाच दिशेची, म्हणजे डीसी वीज करतो. तिचा दाब सुमारे ३२५ व्होल्ट होतो. मग अतिजलद इलेक्ट्रॉनिक स्विचांनी त्या विजेचे सेकंदाला हजारो तुकडे पाडून तीन फेज नव्याने रचतो. रेल्वेनेही हाच मार्ग धरला. १९९० नंतरच्या दशकात आलेल्या डब्ल्यूएपी-५ आणि डब्ल्यूएजी-९ या इंजिनांपासून गाडी ओढणाऱ्या मोटारीच तीन फेजच्या झाल्या, आणि त्यांना हे इलेक्ट्रॉनिक साधन वीज पुरवू लागले. डोंगर चढणाऱ्या मालगाडीला जे पुरते, त्याचा लहानसा नमुना आपल्या रंधायंत्राला का पुरू नये?

ड्राइव्हचे गुण पुष्कळ आहेत. तीनही फेज तोलात मिळतात, मोटार अलगद सुरू होते, घरातले दिवे मंदावत नाहीत, आणि लेथसारख्या यंत्राची गती नुसत्या बटणाने कमीअधिक करता येते. तीन अश्वशक्तीपर्यंतच्या एकेका यंत्राला आजमितीस हाच उपाय आम्ही प्रथम सुचवू. परंतु त्याचे नियम आहेत, आणि ते न पाळल्यामुळेच पुष्कळांचा हिरमोड होतो.

पहिला नियम जोडणीचा. एक फेज घेणारा साधा ड्राइव्ह २३० व्होल्टचेच तीन फेज देतो, ४१५ चे नव्हे. म्हणून मोटार डेल्टात असली पाहिजे. स्टारमध्येच ठेवून ती चालवली तर फिरते खरी, पण वायंडिंगावरचा दाब १.७३ पटीने कमी होतो आणि मोटारीचा जोर दाबाच्या वर्गाप्रमाणे घटत असल्यामुळे तिसऱ्या हिश्शावर येतो. ‘ड्राइव्ह बसवला, पण यंत्रात दमच नाही,’ अशी तक्रार आली, की आम्ही प्रथम मोटारीचा डबा उघडावयास सांगतो. आणि ज्या मोठ्या मोटारी मुळातच ४१५ व्होल्टला डेल्टात आहेत, त्यांना हा साधा ड्राइव्ह चालतच नाही. दाब वाढवून देणारा अधिक महागडा ड्राइव्ह तरी घ्यावा लागतो, नाही तर पहिला उपाय पत्करावा लागतो.

दुसरा नियम तारेचा. तीन अश्वशक्ती म्हणजे सुमारे २.२ किलोवॅट. तीन फेजवर ४१५ व्होल्टला अशी मोटार पाच अँपिअरच्याही आत घेते. पण तेवढेच काम एका फेजवरून करून घेतले, की ड्राइव्ह घरच्या तारेतून वीस अँपिअरच्याही पुढे ओढू शकतो. गिझरच्या सॉकेटवर हा भार टाकणे म्हणजे भिंतीतली तार शेकत ठेवणे होय. मुख्य बोर्डापासून स्वतंत्र, जाड तांब्याची केबल, स्वतंत्र एमसीबी आणि खात्रीचे अर्थिंग ही हवीतच, आणि हे काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्यावे.

तिसरा नियम स्विचचा. ड्राइव्ह आणि मोटार यांच्यामध्ये यंत्राचा जुना स्टार्टर ठेवू नये. चालू ड्राइव्हची तार मध्येच तोडली-जोडली, तर आतले इलेक्ट्रॉनिक भाग दगावण्याची भीती असते. सुरू-बंदची बटणे ड्राइव्हच्या सूचनेच्या टोकांना लावावीत, आणि लाल बटण गुडघ्याने किंवा मनगटाने दाबता येईल अशा जागी असावे. जुना स्टार्टर काढताना मात्र त्याचा एक गुण आपण गमावतो, तो विसरू नये. वीज गेली की त्याची पकड सुटे, आणि वीज परत आली तरी कोणी हिरवे बटण दाबल्याशिवाय यंत्र सुरू होत नसे. ड्राइव्हमध्ये ‘वीज येताच आपोआप सुरू’ अशी सोय असू शकते. ती बंद केलेली आहे याची खात्री करून घ्यावी. वीज गेली म्हणून मनुष्य करवतीत अडकलेली ढलपी काढावयास वाकतो, आणि तेवढ्यात वीज येते. याहून भयंकर क्षण सुतारशाळेत दुसरा नाही.

चौथा नियम मर्यादेचा. गती वाढवता येते म्हणून वाढवू नये. पाटीवर ५० सायकल असता ७० वर नेले, तर मोटार कदाचित सोसेल. पण करवतीची चकती, रंध्याचा कटर आणि पट्ट्याच्या करवतीची बिडाची चाके त्या गतीसाठी घडवलेली नाहीत. फार मंदही चालवू नये, कारण मोटारीला गार ठेवणारा पंखा तिच्याच दांड्यावर असतो. गती अर्ध्याखाली गेली, की वारा कमी पडतो आणि वायंडिंग तापते. पट्ट्याच्या करवतीची चाके जड असतात. त्यांना गती येण्यास आठ-दहा सेकंदांचा अवधी द्यावा. आणि चकतीची करवत झटक्यात थांबवू नये. चकती धरणारा नट त्या झटक्याने सैल होण्याचा संभव असतो.

पाचवा नियम जुन्या मोटारीच्या प्रकृतीचा. ड्राइव्हची वीज तुकड्यातुकड्यांची असल्यामुळे जीर्ण वायंडिंगाच्या वार्निशावर ताण पडतो. मोटार जोडण्यापूर्वी मेगरने तिचे इन्सुलेशन तपासून घ्यावे. एक मेगोहमपेक्षा कमी भरले, तर ती आधी वाळवावी किंवा नव्याने वायंडिंग करून घ्यावे. ड्राइव्हमुळे घरचा आरसीसीबी कधी कधी विनाकारण पडतो. म्हणून तो काढून टाकणारे महाभाग असतात. ते करू नये; ड्राइव्हला योग्य अशा प्रकारचा बसवावा. आणि लाकडाचा भुसा ड्राइव्हच्या पंख्यातून आत जाऊन थर धरतो, तेव्हा डबा भिंतीवर, उंच, झाकलेल्या पण हवेशीर जागी असावा. वीज बंद केल्यावरही आतले कंडेन्सर काही काळ भारलेले राहतात. माहितीपुस्तकात सांगितलेला अवधी गेल्याशिवाय झाकण उघडू नये.

कोणताही उपाय केला, तरी प्रथम चालवताना पट्टा उतरवून, चकती व पाती काढून मोटारीची दिशा पाहावी. तीन तारांपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली, की दिशा उलटते. म्हणजे दिशा चुकीची असण्याची शक्यता अगदी निम्मी आहे. रंधा किंवा करवत उलट्या दिशेने फिरली, तर तिचे काम तर बिघडतेच, पण नटही सुटू शकतो.

मित्रहो, विजेचा एवढा विचार केल्यावर यंत्राचाही थोडा विचार केला पाहिजे. जुने ते सगळेच सोने नव्हे. फार जुन्या रंधायंत्रांत पाती धरणारा ठोकळा चौकोनी असे. त्याच्या आणि टेबलाच्या मधल्या फटीत बोट गेले, तर ते खोल ओढले जाते. पुढे गोल ठोकळे आले ते याच कारणाने. चौकोनी ठोकळ्याचे यंत्र कितीही स्वस्त मिळो, कितीही छान चालो, त्याला हौसेच्या कार्यशाळेत जागा नाही. ते मोडीतच जाऊ द्यावे. करवतीला चकतीच्या मागची पाचर नसेल, वरचे झाकण हरवलेले असेल, तर ड्राइव्हचे पैसे मोजण्याआधी ती करून घ्यावीत. ज्या हातांना घडवण्याचा आनंद मिळावा म्हणून आपण ही सारी यातायात करतो, ते हातच शिल्लक राहिले नाहीत, तर यंत्र वाचवून काय साधले?

तेव्हा हिशेब असा मांडावा. यंत्र एक, मोटार तीन अश्वशक्तीपर्यंत आणि स्टारमधली, तर डेल्टा करून ड्राइव्ह बसवावा. यंत्रे पुष्कळ, पण एका वेळी एकच चालणार, तर फिरत्या मोटारीचा विचार करावा. मोटार साधी आणि पट्ट्याची, काम हलके, तर एक फेजची मोटार बसवून मोकळे व्हावे. आणि मोटार पाच अश्वशक्तीची किंवा त्याहून मोठी असेल, तर तीन फेजची जोडणी मिळते का, ते आधी विचारावे. मिळत नसेल, तर त्या यंत्राचा मोह सोडावा. हा हिशेब बाजारात जाण्यापूर्वी करावयाचा आहे, टेंपोतून यंत्र दारात उतरल्यावर नव्हे. केबल, ड्राइव्ह, वायंडिंगवाल्याची मजुरी, अर्थिंग आणि संरक्षक झाकणे यांचा खर्च यंत्राच्या किमतीत मिळवून मगच ते स्वस्त की महाग, ते ठरवावे. पुष्कळदा तो खर्च मिळवूनही जुने बिडाचे यंत्र त्याच किमतीच्या नव्या पत्र्याच्या यंत्राहून सरस ठरते. पण नेहमीच ठरते असे नाही.

आपल्या समाजात यंत्र चालवणारा, यंत्र दुरुस्त करणारा आणि यंत्राविषयी वाचणारा, ही तीन माणसे बहुधा वेगवेगळी असतात. सुताराला विजेचे कळत नाही, वायरमनला करवतीचे कळत नाही, आणि पदवीधराला हात काळे करवत नाहीत. घरची कार्यशाळा ही अशी जागा आहे, की जेथे या तिघांना एकत्र यावेच लागते. वायंडिंगवाल्याच्या दुकानात अर्धा तास बसून स्टारची गाठ कोठे पुरलेली असते, ते डोळ्यांनी पाहावे. जुन्या सुताराकडून रंध्याची पाती लावण्याची रीत शिकून घ्यावी. ही माणसे अजून आपल्या गावात आहेत. यंत्रे भंगारात गेली, तर त्यांच्यामागून हे ज्ञानही जाईल, आणि ते मात्र कोणत्याही बाजारात वजनावर परत मिळणार नाही.

 कोणाजवळ आपल्या मोटारीवरच्या पाटीचा मजकूर लिहून आणलेला असेल, तर त्यांनी सभा संपल्यावर अवश्य भेटावे.